हवाई चपलेचे तीन अंश

रात्रीचे सव्वादोन वाजले होते. मी हॉलमध्ये गुडघे टेकून, डावा कान फिशटँकच्या काचेला लावून बसलो होतो. पलीकडून एक गोल्डफिश माझ्या कानात बघत होता. नेमकी त्याच वेळी आई पाणी प्यायला उठली. तिनं काही विचारलं नाही. माठातून पेलाभर पाणी घेतलं, प्यायली, पेला पालथा घातला आणि जाता जाता एवढंच म्हणाली, "झोपताना रामरक्षा म्हणत जा रे."

मासे आणले डिसेंबरात. डिसेंबरात नागपूरच्या माणसाला कुठलीही गोष्ट झेपेल असं वाटतं, मुलीच्या हट्टासकट. सीताबर्डीवरच्या दुकानदारानं "गोल्डफिश म्हणजे एकदम सोपा मासा" म्हणून तीन मासे पिशवीत घालून दिले. हा थंड पाण्याचा प्राणी आहे, वीस ते चोवीस अंशांत त्याला बरं वाटतं, हे त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण त्या दिवशी मी स्वेटर घालून उभा होतो. तिघांतला एक ओरंडा जातीचा. याच्या डोक्यावर मांसल गोळा असतो. मुलीनं त्याचं नाव ठेवलं दुपट्टेवाला. उन्हाळ्यात आमच्याकडे स्कूटरवर सगळे असेच दिसतात, फक्त डोळे उघडे.

एप्रिलात टँकमधला थर्मामीटर ३१ वर गेला, मेच्या मध्यावर ३४ वर. बाहेरचं विचारू नका. २०२४ च्या मेअखेर रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. यंत्र बिघडलं होतं, असा खुलासा मागाहून हवामान खात्यानं केला. आम्हाला मात्र तेवढ्या काळात यंत्रापेक्षा खात्याचाच संशय येत होता.

३४ अंशांत माशांचं काय होतं, तर ते वर येऊन 'आ' करतात. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅम असेल, तर ३४ ला सातच्या आसपास. वर गरमीत माशाला तो लागतो जास्त. थोडक्यात, पगार कमी आणि खर्च जास्त. उपाय एकच, हवेचा पंप चोवीस तास चालू. आणि इथून आमच्या घराची झोप उडाली.

त्या पंपात फार काही नसतं. विजेच्या सेकंदाला ५० फेऱ्यांच्या तालावर एक रबरी पडदा थरथरत असतो. पण तो थरथरतो टेबलावर, टेबल थरथरतं भिंतीला, आणि भिंतीपलीकडे माझ्या बायकोची उशी असते. "अहो, कोणीतरी तंबोरा लावतंय आणि गात मात्र नाहीये," असं तिनं पहिल्या रात्री सांगितलं. आता, ही बाई ज्या कूलरसमोर झोपते त्याचं वर्णन करायला हवं. पत्र्याचा, चारफुटी, खिडकीत बसवलेला, वाळ्याच्या ताट्यांचा. तो सुरू झाला की आम्ही घरात खुणांनी बोलतो. शेजारचे काका त्यांच्या कूलरच्या आवाजातून आमच्या कूलरच्या आवाजापलीकडे ओरडून म्हणाले, "कायचा आवाज भाऊ? मले तर काहीच ऐकू येऊन नाही राहिलं!" कूलरचा आवाज हा आवाज नव्हेच. तो उन्हाळा आहे. पंपाचा मात्र आवाज आहे, कारण तो माझ्या माशांचा आहे.

पंप टॉवेलच्या घडीवर ठेवला. गुणगुण टॉवेलमध्ये शिरली. सुतळीनं पडद्याच्या दांडीला टांगला, तर दांडी गाऊ लागली. शेवटी जमिनीवर, आईच्या जुन्या उशीवर ठेवला आणि घरात शांतता पसरली. माझ्या आयुष्यातल्या थोड्या थोर शोधांपैकी हा एक होता. पहाटे चारला लाइट गेली.

पंप पाण्याच्या पातळीखाली असला आणि बंद पडला, की हवेच्या नळीतून पाणी उलटं उतरतं. ट्रकमधलं डिझेल तोंडानं ओढून काढतात ना, तसंच. फक्त इथे ओढायलाही कोणी लागत नाही. सकाळी उशी भिजून चौपट झाली होती, हॉलमध्ये पाणी होतं, आणि नळीचं टोक तळापासून जितक्या उंचीवर होतं तितक्याच उरलेल्या पाण्यात दुपट्टेवाला पोटाशी वाळू घेऊन फिरत होता. याला प्रतिबंध करणारी इवलीशी झडप दोन कटिंग चहांच्या किमतीत मिळते. ही माहितीसुद्धा दुकानदाराकडे होती.

तर आवाजाचं मूळ पंप, पंपाचं मूळ उष्णता. मग उष्णताच कमी करू म्हणून मी कामाला लागलो. बर्फापासून सुरुवात केली. पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून टँकमध्ये सोडल्या. अर्ध्या तासात पारा ३४ वरून २९ वर, काही तासांत परत ३३. मधल्या वेळात बाटली तरंगत तरंगत काचेवर आदळत राहिली. टण्. बऱ्याच वेळानं पुन्हा टण्. पंपाला निदान सातत्य तरी होतं. फ्रीजरमधून कुल्फी हद्दपार झाली म्हणून मुलगी रुसली, आणि आठवड्यात माशांच्या अंगावर मिठाचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके आले. पाणी असं खाली-वर झालं की माशांची ताकद खचते आणि तो रोग फावतो. दुकानदारानं औषध दिलं. औषध नेहमी असतं त्याच्याकडे.

चिलर नावाची वस्तूही त्यानं दाखवली. पाण्यासाठीचा फ्रीजच तो. किंमत ऐकून मी खुर्ची मागितली. चालू करून दाखवला तेव्हा मागच्या जाळीतून गरम झोत आला. म्हणजे टँक थंड करून हॉल तापवायचा, तो हॉल निववायला कूलर वाढवायचा, आणि दोघांच्या आवाजात बायकोला माहेरी पाठवायचं. मी दुकानातून सरबत पिऊन परतलो.

खरा मार्ग आमच्या खिडकीतच घोंघावत होता. पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं. माठ तेच करतो, वाळ्याची ताटी तेच करते. एक लिटर पाणी उडालं की साधारण ५८० किलोकॅलरी नेतं. माझ्या ७० लिटरच्या टँकला हिशेबानं आठ अंश उतरायला हवेत. खोली आपली उष्णता परत ढकलत राहते, म्हणून तेवढे उतरत नाहीत. पण पाण्यावर नुसता वारा घातला तरी पुरे, हे कळलं आणि मी चिमट्याचा छोटा पंखा आणला. तो डासाच्या आवाजात बोलायचा. रात्रभर आई अंधारात टाळ्या वाजवत होती.

मग माळ्यावरच्या मेलेल्या कॉम्प्युटरमधून १२० मिलिमीटरचा पंखा काढला. मोठं पातं हळू फिरलं तर तितकाच वारा कमी आवाजात देतं. १२ व्होल्टच्या पंख्याला नऊचंच अडॅप्टर दिलं, तो निवांत फिरू लागला. तरी घरघर होतीच. त्या सव्वादोनच्या रात्री मी कान लावून शोधत होतो ती हीच. पंखा निर्दोष होता, त्याच्याबरोबर झाकणाची काच थरथरत होती. बाथरूममधली निळी हवाई चप्पल कापली, चार कोपऱ्यांखाली चार तुकडे घातले आणि बोट ठेवल्याशिवाय कळेना की पंखा चालू आहे. (उरलेली एक चप्पल बायको अजून पुरावा म्हणून दाखवते.) झाकण अर्धं उघडं म्हणून मासा उडी मारेल, तर त्यावर मच्छरदाणीचा तुकडा ताणला. दुसऱ्या दिवशी पारा ३१. तीन अंश!

आईनं टँकच्या मागच्या आणि बाजूच्या काचांना ओलं पोतं गुंडाळलं, त्यानं आणखी एक अंश उतरला आणि त्याला वीज लागत नाही, हेही नोंदवायला हवं. मी ते नोंदवायचं टाळणार होतो.

आता रोज लिटर-सव्वालिटर पाणी उडतं. उडतं ते शुद्ध, क्षार मागेच राहतात. बोअरचं पाणी वरून ओतत राहिलो तर महिन्याभरात माशांना मिठागरात ठेवल्यासारखं होईल, म्हणून आरओ फिल्टरचं घालतो. पिण्याचं. यावर आईचं मत वेगळं आहे. दादरच्या साडूनं फोनवर कृती उतरवून घेतली, चप्पलसुद्धा कापली, आणि चार दिवसांनी तक्रार केली की अर्धा अंशही उतरत नाही. मुंबईच्या हवेत आधीच इतकं पाणी, तिथे आणखी कुठून मावणार? आयुष्यात पहिल्यांदा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्याबद्दल अभिमान वाटला. मी त्याला नुसतं "बघ बुवा" म्हणालो.

नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांतल्या, चौथ्या रात्री अख्ख्या प्रतापनगरची लाइट गेली. एकामागून एक कूलर गप्प झाले आणि मोहल्ला इतका शांत झाला की लांबचं कुत्रं घरात भुंकल्यासारखं वाटलं. माशांचा पंखा मात्र फिरत होता. इंटरनेटच्या डब्याला जी छोटी बॅटरी असते तिच्यावर मी तो जोडून ठेवला होता, पंपाला ती चालत नाही म्हणून. बायको उशी घेऊन हॉलमध्ये आली. मुलगी आली. आई चटई घेऊन आली आणि टँकला टेकून बसली. खिडकीबाहेरून काकांचा आवाज आला, "भाऊ, हे बारीक बारीक कायचं वाजून राहिलं हो?"

कोणी उत्तर दिलं नाही. बऱ्याच वेळानं अंधारात आई म्हणाली, "तो पंखा जरा इकडे वळव रे. मासे काय, पाण्यातच आहेत."