ग्रंथालयाला मदत करायचीच आहे? मग अशी करा

वाचनसंस्कृती टिकली पाहिजे, याबद्दल महाराष्ट्रात दुमत नाही. टिकवायची कोणी आणि कोणाच्या पैशाने, एवढाच किरकोळ मुद्दा शिल्लक आहे. मी एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आहे (कुठल्या ते सांगत नाही, सांगितलं तर उद्या आणखी दोन टेम्पो यायचे), त्यामुळे देणगीदार, सभासद, लोकप्रतिनिधी आणि शासन या चारही थोरांचं दातृत्व मला जवळून बघायला मिळतं. त्या पुण्याईवर या सूचना. ग्रंथालयाला मदत तर करायची आहे, पण तिची झळ स्वतःला लागू द्यायची नाही, अशांनी जरूर वाचाव्यात.

सर्वप्रथम, देणगी दिसेल अशी द्या. कपाट द्या, घड्याळ द्या, पंखा द्या. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर तीन पिढ्यांची नावं मावतात. फिरता पंखा वाचता येत नाही ही अडचण आहे खरी, पण त्यावर खात्रीचा उपाय आहे: विजेच्या बिलाला एक पैसाही देऊ नका. एसी दिलात तर फारच उत्तम. ‘बिल कोण भरणार?’ असं विचारणारा चिटणीस कोत्या मनाचा समजावा. झाडूवालीच्या पगारासाठी, गळक्या छपरासाठी, वर्तमानपत्रांच्या बिलासाठी आजवर कोणी कोनशिला बसवलेली नाही, आणि तुम्हीही पायंडा पाडू नये.

पैसा उतू जात असेल तर इमारतच बांधून द्या, आईवडिलांचं नाव लावा आणि फीत कापून घरी जा. अँड्र्यू कार्नेगी नावाच्या अमेरिकेतल्या पोलादवाल्याने हे काम फार चुकीच्या पद्धतीने केलं. जगभरात अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांना त्याचा पैसा मिळाला, पण गडी अट घालायचा. जागा गावाने द्यायची, आणि मी देतोय त्याच्या दहा टक्के रक्कम गावाने दर वर्षी करातून ग्रंथालयावर खर्च करायची. कबूल नसेल तर रामराम. आपल्या सयाजीराव महाराजांनीही तसाच घोळ घातला. १९१० पासून बडोदा संस्थानात खेडोपाडी ग्रंथालयं काढली, ती गावाने एक वाटा उभा केला की तेवढाच प्रांत पंचायतीचा (म्हणजे जिल्ह्याच्या मंडळाचा) आणि तेवढाच सरकारचा, अशा हिशोबाने. म्हणजे दात्याने द्यायचं, गावानेही द्यायचं आणि सरकारनेही द्यायचं! आपण ही पद्धत सुधारून घेतली आहे. आपल्याकडे तिघंही एकमेकांकडे बघतात.

सभासद होऊ नका. सभासद झालं की पुस्तकं परत करावी लागतात.

झालाच असाल तर वर्षातून एकदा, वर्गणी वाढवायचा ठराव असेल त्या सभेला, न चुकता या आणि ‘ही काय लूट आहे का?’ असं उभं राहून विचारा. एरवी येऊ नका. गणसंख्येअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी भरवायची आम्हाला सवय आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाची सूचना, म्हणून जरा सविस्तर. पुस्तकं दान करा.

मुहूर्त निवडताना दिवाळीची साफसफाई, घर बदलणं किंवा इमारत पुनर्विकासाला जाणं यांपैकी एखादा निवडावा. आधी फोन करू नये. कोणती पुस्तकं आहेत, यादी पाठवता का, असं विचारलं गेलं तर दुखावलं जावं. सुट्टीच्या दिवशी पायरीवर पोती टाकून जाता आलं तर सोन्याहून पिवळं, पण त्यात फोटो निघत नाही. परवा आमच्याकडे आलेल्या सद्गृहस्थांनी म्हणूनच कामाचा दिवस निवडला. पुढे टेम्पो, मागे स्वतःची गाडी, गाडीत फोटोग्राफर. ‘वडिलांचा संग्रह आहे, अमूल्य ठेवा आहे,’ असं म्हणत त्यांनी आमच्या ग्रंथपालबाईंच्या हातात एक जाडजूड ग्रंथ ठेवला, फोटो झाला, आणि उरलेला अमूल्य ठेवा ड्रायव्हरने पोत्यांसकट वाचनकक्षात ओतला.

वरच्या थरात शोभेला चारदोन कादंबऱ्या होत्या. त्याखाली २००९ सालची बँक परीक्षेची गाइडं, उत्तरांवर पेनाने खुणा केलेली. दहावीची पुस्तकं, अभ्यासक्रम बदलून गेलेली. विमा कंपनीच्या डायऱ्या, त्यातली एक दुधाच्या हिशोबाने निम्मी भरलेली. शेवटची पानं नसलेली एक रहस्यकथा. खुनी कोण ते आता त्या सद्गृहस्थांच्या वडिलांनाच ठाऊक. वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक. आणि तळाशी, पुठ्ठ्यांना मातीचे बोगदे करून बसलेली वाळवी.

वाळवी हो! पुस्तकांच्या खोलीत वाळवी आणून ओतली आणि वर म्हणतात, ‘सरस्वती आहे ही, सरस्वतीला नाही म्हणता?’ अहो, सरस्वती आहे तर देव्हाऱ्याशेजारी ठेवा की! तिला पोत्यात घालून आमच्या दारात कशाला आणलीत? रद्दीवाला बरा, तो निदान पोतं उपसून बघतो आणि असला माल तोंडावर परत करतो. त्याने परत केलेला माल आमच्याकडे येतो आणि त्याला ग्रंथदान म्हणायचं. ग्रंथपालबाई नाकाला ओढणी बांधून दुपारच्या दुपार ते उपसत बसल्या. त्या वेळात लोकांची देवघेव बंद. तुम्हाला वाटतं पुस्तक आलं की फळीवर जाऊन बसतं. दाखल नोंदवहीत त्याची नोंद करावी लागते, दाखल क्रमांक टाकावा लागतो, ठिकठिकाणी शिक्के मारावे लागतात, वर्गांक काढावा लागतो, पाठीवर चिठ्ठी चिकटवावी लागते. आणि एकदा नोंदवहीत चढलं की ते संस्थेची मालमत्ता. मग ते बाद करायचं तर यादी, मंडळाचा ठराव, आणि तपासणीला साहेब आले की त्यांच्यापुढे खुलासा. तुमचा माळा एका सकाळीत रिकामा होतो, आमचं कपाट दहा वर्षं अडतं.

बरं, हे इथे संपलं नाही. दोन दिवसांनी फोन. ‘आमच्या नावाचा कप्पा केलात का?’ आणि ‘८०-जी’ची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती हवी. कितीची? तर छापील किमतीची! त्यांना सांगितलं, वस्तूंच्या दानाला ती सवलत नसते, पैशाच्या देणगीलाच असते. तर म्हणाले, ‘मग रोख दिले असं दाखवा ना.’ रोख दोन हजारांच्या वर चालत नाही म्हटलं, तर म्हणाले, ‘थोडे थोडे दाखवा.’ हे गृहस्थ समाजात मोठे वाचक म्हणून ओळखले जातात.

असो. उपरोधिक लिहायचं ठरलंय. पुढची सूचना.

कराचं नाव काढू नका. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला, याचा भाषणात उल्लेख करा आणि टाळ्या घ्या. पण मद्रासने १९४८ सालीच ग्रंथालयासाठी वेगळा कर बसवला, कर्नाटकात घरपट्टीवर सहा टक्के तो घेतात, केरळात पाच टक्के, हे बोलू नका. आपला कायदा १९६७चा, आणि त्यात असा कर नाही. तुमच्या मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कर आहे, वृक्ष कर आहे, दुकान-कचेरी असेल तर रोजगार हमीचाही कर आहे; पुस्तकासाठी एक ओळ नाही. आलीच तर ‘मी तर मोबाइलवर वाचतो, मी का भरू?’ हा प्रश्न तयार ठेवा. अग्निशमन दलाबद्दलही तुम्ही असंच म्हणत असाल अशी आशा आहे.

कंपन्यांसाठी एकच ओळ: सामाजिक दायित्वाच्या निधीतून ग्रंथालय उभारता येतं, तेव्हा उभारा, रंगवा, टीशर्ट घालून फोटो काढा, आणि प्रकल्पाचा काळ संपला की किल्ली शेजारच्या पानवाल्याकडे ठेवून जा.

तुम्ही आमदार असाल तर अभ्यासिकेची इमारत द्या. तिच्या दारावर तुमचा आणि साहेबांचा फोटो राहील एवढी भिंत सोडा. आत कोण बसणार आणि त्याला पगार कोण देणार हे पुढच्या आमदाराने बघावं.

तुम्ही शासन असाल, तर तुम्हाला काय शिकवायचं! तुम्ही या विद्येत पारंगत आहात. तरी उजळणी म्हणून. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड वर्ग करा आणि अनुदानाला परिरक्षण अनुदान असं भारदस्त नाव द्या. ते हप्त्यांनी द्या, आणि हप्ता असा सोडा की मार्चअखेर खर्च दाखवण्याची धांदल उडावी. २०१२ साली वाढवलं की दहा वर्षं विसरून जा. मग एकदम साठ टक्के वाढ जाहीर करा. साठ हा आकडा ऐकायला भरघोस वाटतो. ती वाढ झाली तेव्हा ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या वर्गाच्या, वाचनालयाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांचं ४८ हजार झालं. त्यातले निम्मे पगाराचे. म्हणजे महिन्याला दोन हजार रुपये. दोन हजारांत माणसाने रोज दार उघडायचं, झाडायचं, वर्तमानपत्रं लावायची, देवघेव करायची, नोंदवह्या लिहायच्या, आणि वाचकाने ‘ही नवी कादंबरी कशी आहे?’ विचारलं तर ती वाचलेलीही असायला हवी.

पगाराच्या प्रश्नावर समित्या नेमा. व्यंकप्पा पत्की समिती झाली, प्रभा राव समिती झाली. कर्मचारी आजही त्याच समित्यांची नावं घेऊन निवेदनं देतात, काही जण निवेदनं देता देता निवृत्त झाले. कोणी फारच ओरडलं तर बोगस ग्रंथालयांचा विषय काढा. ती होती, नाही कोण म्हणतं? २०१२ साली महसूल खात्याची माणसं पाठवून राज्यभर पडताळणी केली, तेव्हा कागदावरची वाचनालयं सापडली. मग कागदावरच्यांना हाकलून खऱ्यांना जास्त द्यायचं, एवढं साधं होतं. केलं काय? नव्यांना मान्यता थांबवली आणि ज्यांनी ग्रंथसंख्या वाढवली, वाचक वाढवले, त्यांची वर्गवाढ, म्हणजे ‘ड’मधून ‘क’मध्ये जाणं, तीही अडकवून ठेवली. चोर सापडला म्हणून सगळ्या आळीचं पाणी तोडलं.

अभिमान बाळगा. रत्नागिरीला १८२८ साली ग्रंथालय निघालं, पुण्याला १८४८ साली, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. अभिमानाला खर्च येत नाही.

वाचनालय बंद पडलं तर मात्र कळवळून पोस्ट लिहा. लहानपणी तिथे कशी उन्हाळ्याची सुट्टी जायची, जुन्या पुस्तकांचा तो वास, ग्रंथपालकाका कसे ओरडायचे. खाली दोनशे जण हळहळतील. त्यातले किती सभासद होते हे विचारायला मी तिथे येणार नाही.

नाही, येणार. पुरे झालं हे. सरळच बोलते.

लाज वाटत नाही का आपल्याला? एका सिनेमाच्या तिकिटात आणि मधल्या सुट्टीतल्या पॉपकॉर्नमध्ये आमच्याकडची वर्षाची वर्गणी निघते. निघते म्हणजे, वर पैसे उरतात. आणि तुम्ही अनामत परत मागायला वीस वर्षांपूर्वीची पावती घेऊन येता! गणपतीला, दहीहंडीला, साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला न विचारता देता; वाचनालयाचा माणूस पावतीपुस्तक घेऊन दारात आला की ‘हे घरी नाहीत.’ सरकार देत नाही म्हणून देणगीदारांकडे जावं तर ते म्हणतात, हे सरकारचं काम आहे. सरकारकडे जावं तर ते म्हणतं, लोकसहभाग वाढवा. दोघंही बरोबर बोलतात आणि दोघंही देत नाहीत. देणगी लहरीवर येते, तिच्यावर दर महिन्याचा पगार चालत नाही. त्याला कराचाच पैसा लागतो, दर वर्षी, ठरलेल्या तारखेला, आणि तो मागण्यात आपल्याला कसली भीक मागितल्यासारखं वाटतं? रस्ता मागताना वाटतं का? मतं मागायला येतात तेव्हा गटाराबद्दल विचारता, नळाबद्दल विचारता. वाचनालयाच्या अनुदानाबद्दल एकाने तरी विचारलंय? पदरचे पैसे नको असतील तर निदान तेवढं तोंड तरी उघडा.

आणि द्यायचेच असतील तर पैसे द्या. पाचशे द्या, पण दर वर्षी द्या. कशासाठी वापरायचे ते आम्हाला ठरवू द्या. बहुतेक वेळा ते विजेच्या बिलाला जातील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पुस्तकंच द्यायची असतील तर आधी यादी पाठवा, आणि आम्ही त्यातली चार निवडली तर चारच आणा. उरलेल्यांचं काय करायचं हा तुमच्या घरातला प्रश्न आहे, तो तुमच्या घरात सोडवा. चेक वाचनालयाच्या नावाने काढा. पावती जागेवर मिळेल. फोटो मिळणार नाही.