मॉस्को एका दिवसात उरकत नाही

रशियाच्या सहलीला निघालेल्यांच्या ग्रुपवर हल्ली एक मेसेज हमखास येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मॉस्कोला एक दिवस पुष्कळ झाला. लाल चौकातलं रंगीत घुमटांचं क्रेमलिन बाहेरूनच बघा. ते बांधणाऱ्या कारागिराचे राजानं डोळे काढले होते. चौकाला ‘लाल’ हे नाव कम्युनिस्टांमुळे पडलं. तिथली मोठी घंटा वाजवताना फुटली, तोफ नुसती शोभेची आहे. आणि म्युझियमच्या तिकिटांवर पैसे घालवू नका, मराठी माणसानं बघावं असं आत काही नाही.

माझी मावशी हा मेसेज प्रमाण मानून गेली आणि रंगीत घुमटांच्या चर्चसमोरचा फोटो ‘क्रेमलिन’ म्हणून घेऊन आली. सत्तरीत एवढा लांबचा प्रवास करून ती किल्ल्याच्या दारातून परतली, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

क्रेमलिन म्हणजे किल्ला. कझानला, तुलाला, निझ्नी नोव्हगोरोदलाही क्रेमलिन आहेच. मॉस्कोच्या किल्ल्याचा आजचा विटांचा तट १४८५ ते १४९५ या काळात उभा राहिला. तो सव्वादोन किलोमीटरच्या आसपास आहे, त्याला २० बुरूज आहेत आणि काम इटालियन स्थपतींच्या हाताखाली झालेलं आहे. रंगीत घुमटांचं ते चर्च, म्हणजे सेंट बेसिल, या तटाच्या बाहेर आहे. ते बघून क्रेमलिन बघितल्याचं समाधान मानणं म्हणजे रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला फोटो काढून घरी येणं. आत गेलात तर उस्पेन्स्की कॅथेड्रलमध्ये उभं राहता येतं. बोलोन्याच्या फिओरावांतीनं १४७९ मध्ये पुरं केलेल्या या वास्तूत झारांचे राज्याभिषेक होत. किल्ल्यातलाच चौक ओलांडला की अर्खांगेल्स्की कॅथेड्रल. मेसेजमधला तो राजा, चौथा इव्हान, तिथंच पुरलेला आहे.

लाल चौकाच्या नावाचं उत्तर एका ओळीत देता येतं. जुन्या रशियन भाषेत ‘क्रास्नाया’ म्हणजे सुंदर, आणि चौकाचं हे नाव सतराव्या शतकापासूनचं आहे. क्रांती झाली १९१७ मध्ये.

डोळे काढल्याची गोष्ट मात्र मला जास्त खटकते. इव्हाननं १५५२ मध्ये कझान जिंकलं, त्या विजयासाठी १५५५ ते १५६१ या काळात हे चर्च बांधून घेतलं. बांधणाऱ्यांची नावं बार्मा आणि पोस्निक अशी येतात. ही दोन माणसं की एकच, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण पोस्निक याकोव्लेव १५६० च्या दशकातही कामं करत होता. आंधळा स्थपती पुढची बांधकामं कशी करणार? ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट आपल्याकडे अशीच पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दोन्हीकडे शिक्षा सगळ्यांच्या लक्षात राहिली आणि माणसाचं काम बाजूला पडलं.

ते काम बघायला आतच जावं लागतं. बाहेरून एवढं भव्य दिसणाऱ्या चर्चमध्ये मोठं दालन नाहीच. मधे एक चर्च, भोवती आठ लहान चर्चं आणि त्यांना जोडणारे अरुंद बोळ. भिंतीभर वेलबुट्टी. समोरून कोणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागतं. मधल्या चर्चमध्ये मान वर करा, शिखर उंच उंच निमुळतं होत जाताना दिसेल. सेंट बेसिल, म्हणजे वासिली, हा मॉस्कोच्या रस्त्यांवर जवळपास उघडा फिरणारा अवलिया होता. त्याच्या थडग्यावर १५८८ मध्ये आणखी एक लहान चर्च जोडलं गेलं आणि लोकांनी सगळ्या वास्तूलाच त्याचं नाव दिलं. आज दिसणारे भडक रंगही नंतरचे आहेत.

किल्ल्यातली घंटा वाजवताना फुटली नाही, कारण ती कधी वाजलीच नाही. सुमारे २०० टनांची ही घंटा १७३५ मध्ये ओतली. १७३७ च्या आगीच्या वेळी ती अजून ओतकामाच्या खड्ड्यातच होती. तापलेल्या धातूवर पाणी पडलं आणि साडेअकरा टनांचा तुकडा निखळला. पुढं जवळजवळ शंभर वर्षं ती तिथंच पडून होती, १८३६ मध्ये वर काढली. तोफ आंद्रेई चोखोवनं १५८६ मध्ये ओतली. तिच्यापुढे रचलेले लोखंडी गोळे शोभेचे आहेत, हे खरं. तोफ मात्र निदान एकदा उडवलेली असावी, असं १९८० च्या तपासणीतून पुढं आलं.

आता ‘आपलं काही नाही’ हे म्हणणं. मी नगरचा आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

क्रेमलिनमध्ये शस्त्रागार म्युझियमच्या इमारतीतच हिऱ्यांचा स्वतंत्र संग्रह आहे. तिकीटही वेगळं. तिथं ८८.७ कॅरटचा ‘शाह’ हिरा ठेवलाय. बोटाच्या दोन पेरांपेक्षा लहान, लांबट, किंचित पिवळसर. झगमगाट म्हणाल तर बाजूचे कितीतरी हिरे जास्त चमकतात. याच्या एका टोकाला दोरा बांधण्यासाठी खाच आहे आणि अंगावर तीन लेख कोरलेले आहेत. सगळ्यात जुना लेख बुऱ्हाण निजामशाह दुसरा याचा, हिजरी सन १०००, म्हणजे इसवी सन १५९१-९२. हा अहमदनगरचा सुलतान, चांदबीबीचा भाऊ. दुसरा लेख शाहजहानचा, तिसरा इराणच्या फतह अली शाहचा. १८२९ मध्ये तेहरानमध्ये रशियन राजदूत ग्रिबोयेदोव याची जमावानं हत्या केली. त्यानंतर इराणनं झारकडे जी शिष्टाई केली, तिच्यात हा हिरा रशियाच्या हाती गेला.

भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकाठी लहानपण गेलेल्या मला त्या काचेपुढून पाय निघेना. फोटोला परवानगी नव्हती. मागची माणसं पुढं सरकत होती आणि मी मात्र नगरच्या सुलतानाचं नाव दिसतं का ते शोधत होतो.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: क्रेमलिनची म्युझियमं गुरुवारी बंद असतात, म्हणून तो वार टाळून बेत आखा. भारतातली व्हिसा आणि मास्टरकार्ड कंपन्यांची बँक कार्डं तिथं चालत नाहीत, रोख जवळ ठेवा. किल्ल्याला पूर्ण दिवस द्या, चर्चच्या आत जायला दुसरा. मावशीला मी पुढच्या खेपेला सोबत नेणार आहे.