तीन दिवस बाहेरून कडी लावून दारू सुटत नाही

‘दारू सोडवण्याचा रामबाण घरगुती उपाय, दवाखान्याचे हजारो रुपये वाचवा’ हा लांबलचक संदेश पुन्हा फिरतोय. घरच्या गटात आला, खाली सात जणांनी हात जोडले आणि एका काकूंनी ‘आजपासूनच करते’ असं लिहिलं. त्या ‘आजपासूनच’मुळे हे घाईने लिहावं लागतंय. संदेशाचं सार असं: पिणाऱ्याला तीन दिवस खोलीत कोंडा, थरथरला तर ती नाटकं समजा, लिंबू-गुळाचं पाणी पाजा, डॉक्टर नको, ते गोळ्यांचं दुसरं व्यसन लावतात, एवढ्यानंही नाही सुटली तर न सांगता भाजीत पावडर मिसळा. आणि पुरावा काय, तर लॉकडाऊनमध्ये सगळ्यांची आपोआप सुटलीच होती.

आधी कोंडण्याचं बघू, कारण माणूस मरतो तो इथे. दारू मेंदूला मंदावते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू ती कसर भरून काढायला स्वतःला सतत चढ्या वेगात ठेवतो. मेंदूतल्या रसायनांपैकी शांत करणाऱ्या गाबाची यंत्रणा ढिली पडते, चेतवणाऱ्या ग्लुटामेटची वाढते. मग एके दिवशी दारू एकदम काढून घेतली की उरतो तो नुसता वेग. शेवटच्या घोटानंतर ६ ते ८ तासांत हात कापतात, घाम फुटतो, मळमळतं, धडधडतं. सकाळी ‘उतारा’ घेतल्याशिवाय ज्याच्या हातात कपबशी ठरत नाही, त्याला हे रोजचंच आहे. १२ ते २४ तासांत काहींना भास होतात. ६ ते ४८ तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान येतो तो डिलिरियम ट्रेमेन्स: आपण कुठे आहोत ते कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, रक्तदाब आणि नाडी भडकते. उपचार नसताना यात पूर्वी शंभरातले १५ आणि त्याहूनही जास्त दगावायचे. वेळेवर उपचार झाले तर हा आकडा पाचाच्या आत येतो.

तीन दिवस म्हणजे ७२ तास. सर्वांत धोक्याचा काळ नेमका बंद दाराआड जातो, आणि आत आरडाओरडा झाला तर संदेशाच्या हिशेबानं ती नाटकं.

नाटकं नाहीत, हे १९५५ सालीच सिद्ध झालंय. अमेरिकेत केंटकीमधल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी दहा जणांना रोज ठरवून दारू दिली. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे. त्यातले सहा जण ४८ ते ८७ दिवस पीत राहिले आणि मग त्यांची दारू एकदम बंद केली गेली. दोघांना फिट आली, तिघांना पूर्ण डिलिरियम झाला. या सगळ्यांना नीट जेवण आणि जीवनसत्त्वं मिळत होती. म्हणजे उपासमार नाही, मनाचा कमकुवतपणा नाही. दारू अचानक थांबणं एवढंच कारण. लिंबू-गुळाचा युक्तिवादही इथेच बराचसा संपतो.

बरं, एक मान्य करतो: दारू सोडणाऱ्या बहुतेकांची गाडी डिलिरियमपर्यंत जात नाही. पुष्कळ जण चार दिवस कापून, घामाघूम होऊन घरीच सावरतात. गळ्यात माळ घातली आणि पुन्हा ग्लासला हात लावला नाही, अशी माणसं गावोगाव आहेत. पण आपला माणूस त्यातला आहे का, ते आधी पाहावं लागतं. पूर्वी कधी सोडताना फिट आली होती का? भास झाले होते का? काविळीचा, हृदयाचा, मधुमेहाचा त्रास? झोपेच्या गोळ्या चालू आहेत? दिवसाला किती? (१८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, त्यामुळे ‘फक्त एक क्वार्टर’ हे काही थोडं नाही.) यातल्या एका जरी धोक्याच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर भरती करूनच. सगळं ‘नाही’ असेल, रोज तपासायला डॉक्टर असतील आणि घरात सतत जवळ राहणारा, न पिणारा माणूस असेल, तर घरीही जमतं.

लिंबू-गुळाचं पाणी विष नाही. पण त्याच बुद्धीतून ‘अशक्तपणा आलाय, ग्लुकोजची बाटली लावा’ हे पुढचं पाऊल येतं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी१, संपत आलेलं असतं. ते न देता नुसती साखर चढवली तर उरलंसुरलंही वापरलं जातं आणि वेर्निके हा मेंदूचा आजार उद्भवू शकतो: डोळे नीट फिरत नाहीत, चाल फेंगडी होते, गोंधळ उडतो, दुर्लक्ष झालं तर स्मृती कायमची जाते. म्हणून थायमिन साखरेच्या आधी किंवा सोबत, आणि तेही इंजेक्शननं. दारूनं खराब झालेल्या आतड्यातून गोळी पुरेशी शोषली जात नाही.

गोळ्यांचं व्यसन लागतं, हे अर्धं खरं आहे. दारू सोडताना चढलेला मेंदू शांत करायला डॉक्टर देतात त्या क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम या गोळ्यांची सवय लागतेच, महिनोन्‌महिने स्वतःच्या मनानं घेतल्या तर. उपचारात पहिल्या दिवशी सर्वांत जास्त मात्रा, मग रोज थोडी कमी करत आठवडा-दहा दिवसांत शून्य. रुग्णालयात थरथर, घाम, अस्वस्थता अशा दहा लक्षणांना गुण देऊन मात्रा ठरवतात. यकृत खराब असेल तर त्याच जातीचं लोराझेपाम निवडतात. पाकीट पिणाऱ्याच्या हाती द्यायचं नाही. गोळ्या आणि वर दारू झाली तर श्वासच मंदावतो.

आता पावडर. अशा पुड्यांत काय असतं ते अनेकदा लिहिलेलंही नसतं. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल तर दारूचं शरीरात होणारं अॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य पुढे मोडत नाही, साचतं. दारू पोटात जाताच काही मिनिटांत चेहरा लाल, डोकं ठणकतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय नाजूक असेल तर जीव जाऊ शकतो. हे औषध खरं आहे आणि उपयोगीही आहे, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी आणि यकृत तपासून. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत दारूवर प्रतिक्रिया येऊ शकते. न सांगता दिलं तर त्या बिचाऱ्याला काय टाळायचं तेच ठाऊक नसतं. शिवाय जुन्या पिणाऱ्याला अनेकदा आधीच बायकोवर संशय असतो. ती खरंच ताटात काही मिसळते हे कळल्यावर त्या घरात पुढे काय होईल, ते संदेश लिहिणाऱ्यानं सांगावं.

लॉकडाऊनबद्दल थोडक्यात. २०२० च्या मार्चमध्ये दारूची दुकानं बंद होताच केरळात पिणाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, सरकारनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला, डॉक्टरांच्या संघटनेनं विरोध केला आणि एप्रिलच्या सुरुवातीला उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. ‘आपोआप सुटली’ ती अशी.

‘केंद्रात जाऊनही पुन्हा पितात’ हे संदेशाचं शेवटचं वाक्य. पितात, कारण डिटॉक्स म्हणजे फक्त शरीरातून दारू उतरणं. पुढे पिण्याची ओढ कमी करणारी नालट्रेक्सोन किंवा अॅकॅम्प्रोसेटसारखी औषधं, समुपदेशन आणि दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या बैठका महिनोन्‌महिने चालाव्या लागतात. तिथवर पोचतंच कोण? एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ पैकी एकाच माणसानं कुठलाही उपचार मिळाल्याचं सांगितलं.

काकूंसाठी एवढंच. दार उघडं ठेवा. शेवटचा घोट किती वाजता घेतला ते कागदावर लिहा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत क्रमांकावर जवळचं केंद्र विचारा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, १०८ ला फोन करा.