432 हर्ट्झच्या म्युझिकने नडगीचं हाड जुळत नाही

भाची पंधराशे मीटर पळते. तिने परवा एक मेसेज पाठवला, खाली लिहिलेलं, "मामा, मी हे दहा दिवस करतेय." मेसेज असा की 432 हर्ट्झचं म्युझिक (नेहमीच्या 440 ऐवजी जरा खालच्या सुरात लावलेलं) लावून 20 मिनिटं माइंडफुलनेस, म्हणजे श्वासाकडे नि शरीराकडे लक्ष देत ध्यान, केलं की 4 तासांची झोप भरून निघते, पळताना अंगात तयार होणारं लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं, रेस्ट डे लागत नाही, आणि कुठे दुखत असेल तर साक्षीभावाने बघत राहा, दुखणं विरघळतं.

शेवटचंच आधी घेतो, कारण त्याने माझं डोकं फिरलंय. दहा दिवस ही पोरगी नडगीचं दुखणं "बघत" पळतेय! मी बोटाने दाबून पाहिलं तर नखाएवढ्या एकाच जागी अशी कळ आली की तिने पाय ओढूनच घेतला. हाडावर एकाच ठिकाणी दाबल्यावर दुखणं, पळताना वाढणं, पुढे बसल्या जागीही ठसठसणं ही स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेल्या बारीक चिरेची, लक्षणं असू शकतात, आणि तसंच पळत राहिलं तर बारीक चिरेचं हाड अख्खं मोडू शकतं. अशा वेळी पळणं बंद करायचं आणि डॉक्टरला दाखवायचं, बस.

लॅक्टिक अ‍ॅसिडचं म्हणाल तर ते पळणं थांबल्यावर साधारण तासाभरात आपोआपच उतरतं, म्युझिक लावा नाहीतर नका लावू. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग धरतं ते त्याच्यामुळे नाहीच. 432 च्या आकड्यात काही जादू नाही. आणि झोपेची भरपाई झोपेनेच होते.

आता एक गोष्ट मान्य करावी लागते, थकवा नुसता पायात नसतो. 2009 मध्ये सॅम्युएले मार्कोरा हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 16 जणांना 90 मिनिटं कॉम्प्युटरवर डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग दमेपर्यंत सायकल मारायला लावली, तर ते सरासरी 640 सेकंद टिकले, आणि डोकं ताजं असताना तेच लोक 754. हृदयावर, स्नायूंवर फरक दिसला नाही, फक्त मेहनत जास्त वाटत होती. म्हणजे डोकं शांत ठेवण्याला अर्थ आहे, प्रॅक्टिसनंतर संथ म्युझिकने बरं वाटतं तेही खरं. पण त्या प्रयोगात ना कुणाला ध्यान करायला लावलं होतं ना म्युझिक ऐकवलं होतं, त्यामुळे त्यावरून झोप आणि रेस्ट डे रद्द करता येत नाहीत.

भाचीला सांगितलंय, रात्री म्युझिक खुशाल लाव, श्वासाकडे लक्ष दे, पण मग फोन ठेवून आठ तास झोप. नडगी उद्या डॉक्टरला दाखवतोय.