उशीखालचा पंप

दिवाळीआधी आई बाथरूममध्ये घसरली. उभ्याउभ्या पडली, हात टेकला आणि मनगट मोडलं. वय ६७. समाचाराला आलेल्या एक काकू (नाव घेत नाही, त्या ही पोस्ट वाचणार आहेत) म्हणाल्या, "अगं, तुझ्या दम्याच्या पंपात स्टिरॉइड असतं. हाडं पोखरतं ते."

झालं! आईने पंप उशीखाली सरकवला. सकाळ-संध्याकाळ हातात घेऊन बसायची, टोपण काढायची, लावायची, ओढायची मात्र नाही. आम्हाला वाटायचं घेतेय. अकराव्या रात्री तिला वाक्य पुरं करता येईना. ॲडमिट. ऑक्सिजन, नेब्युलायझर, शिरेतून स्टिरॉइड आणि घरी येताना प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या, रोज ४० मिलिग्रॅम, ५ दिवस.

घरी आल्यावर मी हिशोब मांडला. तिचा पंप ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडचा, २०० मायक्रोग्रॅम दोन वेळा, म्हणजे दिवसाला ०.४ मिलिग्रॅम. नुसतं वजन धरलं तर त्या ५ दिवसांच्या गोळ्या म्हणजे ५०० दिवसांचा पंप! ब्युडेसोनाइड वजनाच्या मानाने जास्त जहाल असतं, त्यामुळे हा भागाकार तंतोतंत लावू नका. पण पंपातलं औषध बरंचसं छातीतच काम करतं, गोळी रक्तातून अंगभर फिरते. स्टिरॉइडला घाबरून आई कितीतरी जास्त स्टिरॉइडच्या तोंडी गेली.

पंप अगदी सोवळा आहे असं मी म्हणत नाही. जास्त डोस वर्षानुवर्षं चालला तर हाडांची घनता थोडी कमी होऊ शकते. त्यात पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आटतं, हाडं तशीही झिजायला लागतात. म्हणून विचारायचं ते हे: "डॉक्टर, दमा आटोक्यात आहे, डोस कमी करता येईल का?" आणि पंपाला स्पेसर, म्हणजे औषध छातीत नीट पोचवणारी पोकळ नळी, लावा. नुसत्या पंपाने बरंचसं औषध तोंडात-घशात चिकटून पोटात जातं. नंतर चूळ भरून थुंका.

माझा खरा राग मात्र वेगळ्या गोष्टीवर आहे. गेली वीस वर्षं दम लागला की बाबा मेडिकलमधून "त्या बारक्या पांढऱ्या गोळ्या" आणायचे, चिठ्ठीशिवाय. दोन दिवसांत आराम! त्याही स्टिरॉइडच्याच. किती पोटात गेल्या, कुणी मोजलंय? दम्यावरच्या 'शुद्ध जडीबुटी'च्या पुड्यांतही स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. त्यांना कुणी घाबरत नाही. बदनाम कोण, तर पंप.

आता डेक्सा स्कॅन केला, म्हणजे हाडांची घनता मोजली. टेबलावर दहा मिनिटं पडून राहायचं. "एवढंच? सुई नाही?" आईला फसवल्यासारखंच वाटलं. टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.८. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ. ही तपासणी पाच वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती. कुणी सुचवली नाही आणि आम्हीही विचारली नाही.

पंप परत सुरू आहे, स्पेसरसकट. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, नाचणीची भाकरी (ती आधीही खायची, उगाच श्रेय नको). शिवाय हाडांसाठी आठवड्यातून एक गोळी: उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. शनिवारी सकाळी आई घड्याळासमोर खुर्चीत ताठ बसते. चहाविना अर्धा तास ही तिला मनगटापेक्षा मोठी शिक्षा वाटते. काल नेमका त्याच वेळी काकूंचा फोन आला.

"बोल," आई म्हणाली, "सव्वासातपर्यंत मोकळीच आहे मी. हाडांचं सोडून काहीही बोल."