‘लगान’ला इंग्रजांनी हरवलं? मामा, जरा थांब

मार्चमध्ये ऑस्करचा विषय निघाला की तो मेसेज फिरायला लागतोच, यंदा आमच्या फॅमिली ग्रुपवर मामाने टाकला आणि खाली धडाधड अंगठे पडले. मेसेजचं म्हणणं असं की 2002 साली ‘लगान’ला परदेशी भाषेतल्या पिक्चरचा ऑस्कर मिळणारच होता, पण पिक्चरमध्ये इंग्रज व्हिलन आहेत म्हणून गोऱ्यांनी तो मुद्दाम पाडला, कुणी नाव न ऐकलेल्या एका फालतू युद्धपटाला बक्षीस दिलं, सगळा पैशाचा खेळ आहे, आणि ‘मदर इंडिया’ला पण असंच एका मताने हरवलं होतं.

आधी सांगतो, ‘लगान’ मी थेटरात तीनदा पाहिलाय. शेवटच्या बॉलवर भुवन उंच मारतो आणि कॅप्टन रसेल खाली उभा राहून कॅच घेतो तेव्हा अख्खं थेटर गार पडलं होतं, माझ्या शेजारचे एक आजोबा चक्क डोक्याला हात लावून बसले होते, आणि मग रसेलचा पाय बाउंड्रीच्या बाहेर दिसला तेव्हा जो काय गोंधळ झाला तो अजून कानात आहे. म्हणून तर हा मेसेज जास्त लागतो, कारण इतक्या चांगल्या पिक्चरला त्यात नुसतं बिचारं करून ठेवलंय.

आता इंग्रजांचा मुद्दा. ऑस्कर देते अमेरिकेतली अकॅडमी, लंडनवाले नाही. आणि याच अकॅडमीने 1983 साली ‘गांधी’ला 8 ऑस्कर दिले, ज्यात जालियनवाला बागेचा सीन आहे, डायर गोळ्या घालायला लावतो आणि लोक विहिरीत उड्या मारतात ते सगळं दाखवलंय. त्यातलाच एक ऑस्कर आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांना कॉस्च्यूमसाठी मिळाला, भारताचा पहिला ऑस्कर, जॉन मोलो यांच्यासोबत विभागून. आणि ‘लगान’चे कपडे कुणी केले? त्याच भानूताईंनी. कोणी म्हणेल ‘गांधी’चा डायरेक्टर इंग्रज होता म्हणून चाललं. मग ‘ब्रेव्हहार्ट’ घ्या, त्यात इंग्रज राजा सरळसरळ राक्षस दाखवलाय, त्याला 5 ऑस्कर मिळाले आणि बेस्ट पिक्चर पण. आणि साधी गोष्ट आहे, इंग्रज व्हिलन चालत नसते तर ‘लगान’ शेवटच्या पाचात तरी गेला असता का?

लांबी, गाणी आणि क्रिकेट त्यांच्या डोक्यावरून गेलं असंही काहीजण म्हणतात, आणि यात थोडं तथ्य असू शकतं, पावणेचार तास म्हणजे कमी नाही. पण क्रिकेट न कळणाऱ्यालाही कळावं अशीच तर स्टोरी लिहिलीय, भुवन गावाला सांगतो की हा आपल्या गिल्ली-डंड्यासारखाच खेळ आहे, एलिझाबेथ एकेक नियम शिकवते आणि गावासोबत बघणाराही शिकतो. शिवाय त्या काळी परदेशी भाषेच्या कॅटेगरीत मत द्यायचं तर पाचही पिक्चर स्क्रीनिंगला बसून पाहिलेले असावे लागायचे. म्हणजे ज्यांनी मत दिलं त्यांनी भुवनची मॅच पाहिली होती, न बघता फेकून दिला असं झालेलं नाही.

‘फालतू युद्धपट’ हे मात्र अजिबात पटत नाही. तो ‘नो मॅन्स लँड’, बोस्नियाच्या डानिस तानोविचचा. बोस्नियन आणि सर्ब फौजांच्या मधल्या एका खंदकात दोन्हीकडचा एकेक सैनिक अडकलाय, चिकी आणि निनो, आणि तिसरा सेरा पाठीखाली सुरुंग घेऊन पडलाय, तो उठला की स्फोट. बाकीचे दोघं भांडतात की युद्ध कुणी सुरू केलं, ज्याच्या हातात बंदूक तो दुसऱ्याकडून वदवून घेतो की “आम्हीच सुरू केलं”, मग बंदूक दुसऱ्याच्या हातात जाते आणि उत्तर पण बदलतं. आणि मध्येच कळतं की दोघं एकाच मुलीला ओळखतात! हे लिहिणारा माणूस स्वतः त्या युद्धात कॅमेरा घेऊन फिरलेला, ते युद्ध संपून सहाच वर्षं झाली होती. फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये स्क्रीनप्लेचं बक्षीस आधीच मिळालं होतं, गोल्डन ग्लोबही. कुणी नाव ऐकलं नव्हतं म्हणजे आपण ऐकलं नव्हतं.

पैशाचं म्हणाल तर कॅम्पेनला पैसा लागतो हे खरंच आहे, आपल्या ‘श्वास’च्या वेळी लोकांनी वर्गणी काढली होती ती उगाच नाही, मेंबर लोकांपर्यंत पिक्चर पोचवायलाच खर्च येतो. पण 2002 ला त्या पाचात फ्रान्सचा ‘अमेली’ होता, त्याच्यामागे अमेरिकेत मिरामॅक्स होती, म्हणजे ऑस्कर कॅम्पेनमधली तेव्हाची सगळ्यात आक्रमक कंपनी, एकूण 5 नॉमिनेशन होती, आणि तो एकही ऑस्कर न घेता घरी गेला. पैशाने मिळत असतं तर त्याला मिळालं असतं ना. जिंकला कोण, तर ज्या देशाची लोकसंख्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी आहे तो.

आणि ते ‘मदर इंडिया’चं एक मत. मीही लहानपणापासून ऐकत आलोय, पेपरातसुद्धा छापून येतं. पण अकॅडमी कुणाला किती मतं पडली हे जाहीरच करत नाही, मग एकाच मताने हरला हे मोजलं कुणी? आणि समोर होता इटलीच्या फेलिनीचा ‘नाइट्स ऑफ कबिरिया’, तो काही लाज वाटावी असा पिक्चर नाही.

मामा, तुला राग आला असेल तर एक कर, या रविवारी ‘नो मॅन्स लँड’ बघ, शंभर मिनिटांचा पण नाहीये. शेवटी सगळे निघून जातात, यूएनवाले, पत्रकार, सगळे, संध्याकाळ होते, कॅमेरा हळूहळू वर जातो आणि सेरा तिथेच पडलाय, पाठीखाली सुरुंग तसाच. ते बघ आणि मग मला फोन कर.