‘पाच मिनिटांत सगळे संपते’ हे खरे नाही

नवजात बाळांविषयीचा एक मजकूर पुन्हा पुन्हा पाठवला जातो. त्याचे म्हणणे असे की, जन्मताच न रडलेल्या बाळाच्या मेंदूची हानी पहिल्या पाच मिनिटांतच पूर्ण होते. नंतरचा दाह म्हणजे नुसती सूज. ती उतरवणारे इंजेक्शन वेळेवर दिले तर बाळ पूर्ण बरे होते, पण डॉक्टर ते दडवून ठेवतात. आणि अशा बाळाला थंड ठेवणे हा अघोरी प्रकार असून त्याला ऊब द्यावी. हानी पाच मिनिटांत पूर्ण होत असेल तर इंजेक्शनने बरे काय होणार, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही. पण हा मजकूर अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या आईबापांच्याही हाती पडतो, म्हणून त्याला नीट उत्तर देणे भाग आहे.

न रडणे म्हणजे मेंदूला इजा झाली असे नव्हे. पुसून, चोळून किंवा मास्कने थोडे श्वास देऊन अशी बहुतेक बाळे सावरतात, आणि पहिल्या मिनिटाच्या अपगार गुणांवरून (जन्मताच बाळाचा श्वास, ठोके, रंग वगैरे पाहून दिलेल्या गुणांवरून) पुढचे भाकीत करता येत नाही. निदानासाठी नाळेतील रक्ताची आम्लता, बाळाची शुद्ध, स्नायूंचा ताण, चोखण्याची क्षमता आणि झटके हे सारे एकत्र पाहावे लागते.

पाच मिनिटांचा दावा सर्वांत घातक आहे, कारण तो आशाच काढून घेतो. प्राणवायू आणि रक्तपुरवठा तुटला की पेशींची ऊर्जा संपते, ग्लुटामेट हे पेशींना उत्तेजित करणारे रसायन साचते, कॅल्शियम आत शिरते आणि काही पेशी तेव्हाच मरतात, हे खरे आहे. परंतु रक्तप्रवाह पूर्ववत झाल्यावर उरलेल्या पेशींची ऊर्जा बरीचशी परत येते, काही तास तशीच टिकते आणि मग साधारण 6 ते 48 तासांच्या दरम्यान पुन्हा कोसळते. 1980 च्या दशकात लंडनमध्ये फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपीने (चुंबकीय तपासणीच्या एका पद्धतीने) जिवंत बाळांच्या मेंदूतील ऊर्जा मोजली गेली, तेव्हा पहिल्या दिवशी जवळजवळ सामान्य दिसलेले आकडे नंतर घसरत गेल्याचे आढळले होते. मधला हा शांत काळच उपचाराची संधी आहे.

दाह आणि सूज एक नव्हेत. सूज म्हणजे ऊतीत साठलेले पाणी, तर दाह हा प्रतिकारयंत्रणेचा प्रतिसाद आहे. मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी जाग्या होतात, इंटरल्यूकिन-1 आणि टीएनएफसारखी दाह वाढवणारी रसायने सोडतात आणि रक्त व मेंदू यांच्यामधला पडदा सैल होतो. सूज काही दिवसांत उतरते. दाह मात्र आठवडे, कधी महिनेही रेंगाळतो आणि मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशींची वाढ अडवू शकतो. शिवाय दाह जन्मानंतरच सुरू होतो असेही नाही. गर्भवेष्टनाला (गर्भाभोवतीच्या पडद्यांना) जंतुसंसर्ग झाला असेल तर तो आधीपासूनच असतो. उंदरांच्या पिल्लांना प्राणवायू तोडण्याच्या काही तास आधी जंतूंचे विष दिले, तर एरवी सहज सोसवणारा अभावही मोठी इजा करतो. तेच विष 24 तास आधी दिल्यास मात्र उलट संरक्षण मिळते. म्हणजे एकच दाह वेळेनुसार मारक किंवा तारक ठरतो.

म्हणूनच एका इंजेक्शनाची गोष्ट टिकत नाही. मायक्रोग्लिया मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात आणि दुरुस्तीलाही हातभार लावतात. रक्तपुरवठा तोडलेल्या नवजात उंदरांमध्ये त्या काढून टाकल्यावर इजा वाढली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना फुप्फुसांसाठी पहिल्या आठवड्यात डेक्सामेथासोन हे दाह दाबणारे स्टेरॉइड दिल्याने सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणाऱ्या कायमच्या अपंगत्वाचे) प्रमाण वाढले, हा धडा वैद्यकाने फार महाग शिकला आहे. दाह आणि पेशीमृत्यू रोखेल अशा आशेने बाळाला थंड ठेवण्याच्या उपचाराच्या जोडीला एरिथ्रोपोएटिन (रक्तपेशी वाढवणारे संप्रेरक) देऊन पाहिलेल्या 500 बाळांच्या अमेरिकन चाचणीचा निकाल 2022 मध्ये आला आणि फायदा दिसला नाही. डॉक्टर औषध दडवून ठेवतात हा आरोप अन्यायाचा आहे. सिद्ध झालेले असे इंजेक्शन आज अस्तित्वातच नाही.

राहिला थंडावा. जन्मानंतर 6 तासांच्या आत सुरुवात करून शरीराचे तापमान सुमारे 33.5 अंश सेल्सियसवर 72 तास राखायचे आणि मग हळूहळू वाढवायचे, अशी ही पद्धत आहे. 2005 पासून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत तिने मृत्यू आणि गंभीर अपंगत्व कमी केले. साधारण 7 बाळांवर उपचार केल्यास, एरवी मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व आले असते असे एक बाळ त्यातून वाचते. तरीही ती सर्वत्र सारखी लागू पडते असे म्हणणे प्रामाणिक ठरणार नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील 408 बाळांच्या हेलिक्स चाचणीत, जिचा निकाल 2021 मध्ये आला, थंडाव्याने अपंगत्व घटले नाही आणि मृत्यू थंड न केलेल्या गटातील 31 टक्क्यांच्या तुलनेत 42 टक्के झाले. तेथील इजेची वेळ किंवा आधीचा दाह वेगळा असावा, अशी एक शक्यता अभ्यासक मांडतात. म्हणून हा उपचार कोणत्या बाळाला द्यायचा हे तपासणी करणाऱ्या नवजात तज्ज्ञानेच ठरवायचे असते, आणि बर्फ किंवा ओले कापड लावून तो घरी करण्याचा तर नाहीच. मात्र जास्तीची ऊब हा त्याला पर्याय नव्हे. अशा चाचण्यांत ज्यांना थंड केले नव्हते त्या बाळांपैकी ज्यांचे तापमान चढले, त्यांची पुढची अवस्था अधिक वाईट आढळली.